दुसऱ्या मांजराची शी औषध म्हणून द्यायची का? चिंगीच्या पोटाचा निर्णय

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’, ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.)

००:०० : आजचा प्रश्न

अच्छाडवरून बोलतेय. मागे हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, बॉर्डरवर राहतो आपण.

आजचा विषय घाण आहे, हे आधीच सांगते. पण ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांना तो कधी ना कधी लागणारच. प्रश्न असा, की मांजराचं पोट आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असताना कुणी एखादा वेगळाच उपाय सुचवला, तर तो करून बघायचा का? आणि ठरवायचं कसं?

माझ्या घरी चिंगी आहे. चार वर्षांची, राखाडी, नसबंदी झालेली. पाच आठवडे तिला पातळ शी होत होती. मधे दोन दिवस बरी, की पुन्हा तेच. वजन ३.९ किलोवरून ३.४ वर आलं. अर्धा किलो ऐकायला काहीच वाटत नाही. पण हिशोब करा, शंभरातले जवळपास तेरा भाग गेले. साठ किलोच्या माणसाचं पावणेआठ किलो वजन महिन्याभरात उतरलं तर घरातले गप्प बसतील का?

अशात वापीच्या एका मैत्रिणीने मेसेज पाठवला: ‘निरोगी मांजराची शी पाण्यात कालवून, गाळून एनिमा दे. परदेशात डॉक्टर करतात.’ खाली व्हिडिओची लिंक. घरात सगळ्यांनी नाक दाबलं. आजी म्हणाली, ‘शिक्षण घेतलंत ते याचसाठी का गं?’

पण ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. हा उपाय खरा आहे, त्यामागे विज्ञान आहे. म्हणूनच त्याचा निर्णय घेणं अवघड आहे.

०२:१५ : हा उपाय आला कुठून

मांजराच्या आतड्यात, आपल्याही आतड्यात, अब्जावधी जिवाणू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात, आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. आजाराने, चुकीच्या खाण्याने किंवा अँटिबायोटिकच्या माऱ्याने ही वस्ती विस्कटते. मग निरोगी प्राण्याच्या आतड्यातली वस्तीच उचलून आजारी प्राण्यात वसवायची, अशी ही कल्पना आहे.

गुरांच्या डॉक्टरांना यात नवीन काही नाही. खाणं सोडलेल्या, रवंथ थांबलेल्या गाईला निरोगी गाईच्या पोटातलं पाणी काढून पाजणं हा त्यांचा जुना उपाय आहे. ज्या तालुक्यात दापचरीचा दुग्ध प्रकल्प उभा राहिला, तिथल्या जुन्या माणसांना हे सांगून बघा, कुणी नाक मुरडणार नाही.

माणसांवरचा आधुनिक प्रयोग १९५८ चा. अमेरिकेत डेन्व्हरमध्ये बेन आयझमन आणि त्यांच्या सहकारी सर्जननी आतड्याच्या जीवघेण्या आजारातल्या चार रुग्णांना असा एनिमा दिला. पुढे २०१३ मध्ये नेदरलँड्समधला एक नीट आखलेला अभ्यास आला. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे वारंवार जुलाब होणाऱ्या रुग्णांवर तो केला होता. पहिल्याच डोसनंतर १६ पैकी १३ जण बरे झाले. नुसतं व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या १३ पैकी ४ जण बरे झाले. फरक इतका मोठा होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, मग वाट कसली बघायची? करून टाकू. थांबा जरा.

०४:०० : मांजरांमध्ये काय माहीत आहे

नेदरलँड्सच्या त्या रुग्णांचा आजार एकच होता आणि तो तपासून पक्का केलेला होता. मांजराचे जुनाट जुलाब हा एक आजार नाहीच. ते एक लक्षण आहे. त्यामागे जंत असतील, जिआर्डिया किंवा ट्रायट्रायकोमोनास नावाचे सूक्ष्म परजीवी असतील, एखादं अन्न सोसत नसेल, आतड्याला सूज असेल. मांजर वयस्कर असेल तर थायरॉइड वाढलेला असू शकतो, आतड्याचा कॅन्सरही असू शकतो. जंत आहेत आणि आपण दुसऱ्याची शी देत बसलो, तर जंत तिथेच राहणार.

मांजरांवरचा पुरावाही अजून पातळच आहे, चिंगीच्या शीसारखा. २०१७ मध्ये इस्रायलमधून एका मांजराची नोंद छापून आली. मोठ्या आतड्याची सूज होती, इतर उपाय थकले होते, या एनिमाने ते सुधारलं. छान आहे, पण ते एकच मांजर. २०२३ मध्ये जुनाट पोटदुखण्याच्या ४६ मांजरांना शीच्या कॅप्सूल दिल्याचा अभ्यास आला. बऱ्याच पालकांनी सुधारणा सांगितली. पण त्यात नकली कॅप्सूल दिलेला तुलनेचा गट नव्हता.

नकली कॅप्सूल कशाला हवी? मांजराला थोडंच कळतंय काय खाल्लं ते! खरंय, मांजराला कळत नाही. पण आपल्याला कळतं, आणि मांजर कसं आहे हे डॉक्टरांना आपणच सांगतो. सांधेदुखीच्या मांजरांवर केलेल्या प्रयोगांत नकली औषध मिळालेल्या मांजरांच्या पालकांपैकीही मोठ्या संख्येने ‘आता बरी चालते’ असं सांगितलं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. आशा डोळ्यांत बसली की असं दिसतं.

शिवाय जुनाट जुलाब कमी-जास्त होतच असतात. आपण नवा उपाय कधी करतो? सगळ्यात वाईट दिवशी. त्यानंतरचा दिवस बहुतेक वेळा थोडा बराच असतो. श्रेय मात्र उपायाला जातं.

०६:०० : खरी अडचण ‘दाता’ मांजराची

मला सगळ्यात जास्त अडवलं ते या मुद्द्याने. शी कुणाची घ्यायची?

२०२४ मध्ये पशुवैद्यकांच्या एका गटाने कुत्र्या-मांजरांसाठी या उपचाराच्या मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यात सगळा भर दात्यावर आहे. दाता मांजर निरोगी, लसीकरण झालेलं, नीट वजनाचं हवं. अलीकडे अँटिबायोटिक घेतलेलं नको. त्याची शी जंत, जिआर्डिया, साल्मोनेला वगैरेंसाठी तपासलेली हवी. मांजरांमध्ये पॅनल्यूकोपेनियासारखे विषाणूही शीतून पसरतात, आणि तो आजार जीव घेतो.

आता आपल्या अच्छाडमधलं ‘निरोगी’ मांजर डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या काकांचा बोका, गुटगुटीत, अंगावर चमक. पण दिवसभर तो ट्रक पार्किंगमध्ये असतो. ढाब्यामागचे उंदीर खातो, पाली खातो, गटाराचं पाणी पितो. त्याचं शरीर ते सगळं पेलतंय. त्याच्या आतड्यातलं काय काय चिंगीला पेलवेल, हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

आणि ही भीती हवेतली नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना या उपचारातून औषधांना दाद न देणारा ई-कोलाय जिवाणू लागला आणि त्यातला एक दगावला. तिथे दाता माणूस होता, हॉस्पिटल होतं, नियम होते. एवढं असूनही त्या शीची त्या जिवाणूसाठी तपासणी झालेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या गाळणीने हे जंतू गाळले जात नाहीत हो.

०७:३० : ‘मग गावठी उपाय कर ना’

हा दुसरा सूर. आमच्याकडे पोट बिघडलं की ओवा, हिंग, कुड्याची साल, लसणीची फोडणी. वारली पाड्यांवर झाडपाल्याची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि मी तिला नावं ठेवत नाही. पण ती जाण माणसांची आहे, फार तर गुरांची. मांजराचं यकृत वेगळं चालतं.

आपलं यकृत बऱ्याच औषधांना आणि वनस्पतींतल्या रसायनांना एक साखरेसारखा रेणू चिकटवतं, म्हणजे ते लघवीतून निघून जातात. या कामाचं एक महत्त्वाचं जनुक मांजरात निकामी आहे. लाखो वर्षं फक्त मांस खाल्ल्यावर वनस्पतींची विषं निचरायची गरजच उरली नाही, असं त्याचं कारण मानलं जातं. म्हणून आपल्याला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

हेच गणित घरगुती डब्यांना लावा:

ओवा: त्याचा तो झणझणीत वास थायमॉलचा. हे फिनॉल जातीचं रसायन, आणि नेमकी तीच जात मांजराला निचरत नाही. ओव्याचा अर्क किंवा तेल तर अजिबात नको.

लसूण, कांदा: मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, रक्त कमी होतं. फोडणीतला, सुकवलेला, पावडरचा, कुठलाच चालत नाही.

कुटजारिष्ट: कुड्याची साल जुलाबावर जुनीच आहे, पण कुठलंही अरिष्ट आंबवून बनतं. त्यात अल्कोहोल असतं. साडेतीन किलोच्या जिवाला ते नको.

मेडिकलवरची जुलाब थांबवायची गोळी: तीही मनाने नको. कारण आत तसंच राहतं, वर दुष्परिणाम वेगळे.

दूध: हे औषध म्हणून नाही, लाडाने देतो आपण. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब चालू असतील तर पहिल्या दिवशी दूध बंद.

तिसरा सल्ला इन्स्टाग्रामवरचा: ‘कच्चं चिकन दे, जंगलातल्यासारखं.’ तर जंगलातल्या मोठ्या मांजरांचंच ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. खायला दिलेल्या कोंबडीच्या मांसातून तो आला असावा असा संशय होता. वाघाला जे झेपलं नाही ते चिंगीला कशाला? चिकन द्यायचं तर नीट शिजवून, बिनमिठाचं, बिनहाडाचं.

१०:०० : मी स्वतःला विचारलेले पाच प्रश्न

हे पाच प्रश्न कुठल्याही वेगळ्या उपायाला लावता येतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. आजार काय आहे हे कळलंय का? तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं की ते जुनाट धरतात आणि तिथे तपासणी लागते. शीची तपासणी ही सगळ्यात स्वस्त पायरी. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन जायची. परजीवी रोज सापडतातच असं नाही, म्हणून शक्य असेल तर तीन वेगवेगळ्या दिवसांची.

२. साधे आणि माहीत असलेले उपाय झालेत का? जंताचं औषध वजनाप्रमाणे, दूध बंद आणि आहार बदलून बघणं. या शेवटच्या गोष्टीला लोक कमी लेखतात. जुनाट जुलाबाच्या बऱ्याच मांजरांना फक्त अन्न बदलून फरक पडतो, आणि तो साधारण दोन आठवड्यांत दिसतो. अट एकच, मांजराने आधी न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा डॉक्टरांनी दिलेलं खास खाद्य. बाकी काही नाही. एक सुकट नाही, पोळीचा तुकडा नाही.

३. पुरावा कुठल्या प्राण्यावर, किती जणांवर, तुलनेसाठी गट होता का? ‘माझ्या मावशीच्या मांजराला गुण आला’ हा पुरावा नाही, ती बातमी आहे.

४. चुकलं तर काय होईल? काही उपाय चुकले तर फक्त पैसे जातात. काही चुकले तर नवा आजार येतो. डॉक्टरांना विचारून दिलेला चांगला प्रोबायोटिक पहिल्या गटात. न तपासलेल्या मांजराची शी दुसऱ्या गटात.

५. थांबायचं कधी? हे सुरू करायच्या आधीच ठरवायचं. नाहीतर ‘अजून आठ दिवस बघू’ करत महिना जातो.

पाचव्या प्रश्नासाठी मोजमाप लागतं. शीला १ ते ७ गुण द्यायची पद्धत आहे. १ म्हणजे खड्यासारखी कडक, ७ म्हणजे पाणी, आणि २-३ च्या आसपास छान. रोज फोनमध्ये आकडा लिहायचा. वजन आठवड्यातून एकदा, शक्यतो किराणा दुकानातल्या काट्यावर. टोपली ठेवून काटा शून्य करायचा, मग टोपलीत मांजर. बाथरूमच्या काट्यावर मांजराला घेऊन उभं राहिलं तर दोनशे-तीनशे ग्रॅमची चूक सहज होते, आणि इथे तेवढाच फरक महत्त्वाचा असतो.

१२:३० : अच्छाडवरून हे करायचं कसं

इथे शहरातले सल्ले अडतात. आपल्याकडचा सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-बकऱ्यांचा. मांजर घेऊन गेलं की रांगेतले हसतात. हसू द्या. जंताचं औषध, शीची साधी तपासणी, सलाईन यांची चौकशी तिथे करायलाच हवी. १९६२ हा टोल-फ्री नंबर फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा. तोही प्रामुख्याने गुरांसाठी, पण माहीत असू द्या. आणि आपल्या फोनला गुजरातचं नेटवर्क पकडायची सवय, तेव्हा कुणाशीही बोलताना आधी राज्य सांगा, मग गाव.

कुत्र्या-मांजरांचे खासगी डॉक्टर हवे असतील तर बॉर्डर ओलांडून वापी जवळ. सोनोग्राफी, आतड्याचा तुकडा तपासणं असं काही लागलं तर मुंबई. परळला बाई साकरबाई रुग्णालय आहे, तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालंय. पण दीडशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, गाडीभाडं, एका दिवसाची रजा. माझ्यासारखीच्या पगाराला ही फेरी जड जाते. म्हणून निघायच्या आधी शीचे फोटो, वजनाचे आकडे, दिलेल्या औषधांची नावं एका जागी ठेवा आणि फोनवर विचारून घ्या. एका फेरीत होणारं काम तीन फेऱ्यांत करायला लागू नये.

पण काही वेळा हिशोब करत बसायचं नाही, निघायचं:

मांजराने चोवीस तासांहून जास्त काही खाल्लं नाही. मांजर उपाशी राहिलं की दोन-तीन दिवसांत यकृतात चरबी साठायला लागते, जाड मांजरात जास्तच. ‘पोटाला आराम’ म्हणून मांजराला उपास घडवू नका.

शीत रक्त, काळी डांबरासारखी शी, सतत उलट्या.

पिल्लू आहे. पिल्लू काही तासांत कोरडं पडतं.

बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय. आपल्याला वाटतं बद्धकोष्ठ. कित्येकदा लघवी तुंबलेली असते, आणि तो त्याच दिवशीचा जीवघेणा प्रसंग असतो. अशा वेळी मेडिकलमधला माणसांचा फॉस्फेटचा एनिमा तर कधीच नाही. मांजराचा त्याने जीव जातो.

१४:१५ : मग मी काय ठरवलं

मैत्रिणीला मी सरळ सांगितलं, आत्ता नाही. ‘घाण वाटतं म्हणून नाही’ हेही सांगितलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंच माझ्याकडे नव्हती. कारण न शोधता उपाय करणं म्हणजे अंधारात दगड मारणं, आणि इथे दगड लागणार तो चिंगीलाच.

शीची तपासणी तीन दिवसांची झाली, परजीवी दिसले नाहीत. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि दोन आठवड्यांचा आहार ठरवून दिला. चिंगीने आयुष्यभर मासळी आणि चिकन खाल्लेलं, म्हणून तिच्यासाठी उकडलेलं बोकडाचं मटण, बिनमिठाचं. हे कायमचं जेवण नव्हे. टॉरिनसारखे घटक घरच्या जेवणात कमी पडतात आणि मांजराच्या हृदयाला, डोळ्यांना ते लागतात. दोन आठवड्यांची परीक्षा, एवढंच. सगळ्यात कठीण काम मांजराचं नव्हतं, घरातल्यांचं होतं. आजीच्या हातून बोंबलाचा तुकडा खाली पडायचा थांबवणं!

आज नववा दिवस आहे. शीचा आकडा ६ वरून ४ वर आलाय. वजन ३.४ च्या खाली गेलेलं नाही. हे यश आहे का? अजून माहीत नाही. दोन बरे दिवस मी आधीही पाहिलेत. म्हणून चौदाव्या दिवसाची रेघ मी आधीच मारून ठेवलीय. ३ च्या आसपास आली तर हाच रस्ता पुढे, पूर्ण आहार असलेल्या खाद्याने. नाही आली, किंवा वजन ३.३ झालं, तर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. त्यासाठीचे पैसे बाजूला काढलेत. मोबाइल बदलायचा होता, तो राहिला.

आणि तो शीचा उपाय? तो मी यादीतून खोडलेला नाही. सगळ्या तपासण्या होऊन, बाकीचे उपाय थकून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि तपासलेल्या दात्याकडून मिळत असेल तर मी तयार आहे. वेगळा आहे म्हणून उपाय वाईट ठरत नाही आणि व्हिडिओ आहे म्हणून चांगला ठरत नाही. त्याचा नंबर कधी येतो, हे महत्त्वाचं.

तुमच्याकडे मांजराच्या पोटावर काय काय करतात ते व्हॉइस नोटवर सांगा. डहाणू, तलासरी, उंबरगाव, कुठूनही. ‘गुण आला’ एवढंच नको, किती दिवसांत आला आणि अजून काय चालू होतं, तेही सांगा. आणि घरी मांजर असेल तर आज एक काम करा, त्याचं वजन करून फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. निरोगी असतानाचा आकडा आजारपणात फार कामाला येतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.